नारिंगी पट्टीचे चार तास

बाराव्या मिनिटाला पट्टी मेली.

पडद्यावरचा सुईसारखा टोकदार आलेख आधी थरथरला, मग बुटका होत गेला, आणि बघता बघता नुसता एक पसरट उंचवटा उरला. खोलीत आम्ही पाच जण होतो.  कोपऱ्यात पंप तेवढा घरघरत होता.

डॉ. कमलिनी रेगे यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "बारा मिनिटं. लेखात किती लिहिलंय?"

"चार तास," मी म्हणाले.

त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं. त्यांच्या शेजारी बसलेले समितीचे दोघे सदस्य एकमेकांकडे पाहू लागले. माझे मार्गदर्शक हुपरीकर सर खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. सकाळपासून मेलेली ही तिसरी पट्टी होती.

"आज शुक्रवार," रेगे मॅडम उठत म्हणाल्या. "आम्ही सोमवारी सकाळी पुन्हा येतो. पट्टी चार तास चालली तर उत्तम. नाही चालली, तर ती पहिल्यांदा कशी चालली एवढं तरी तुम्ही आम्हाला सांगू शकला पाहिजे. दोन्ही जमलं नाही तर आम्हाला काय लिहावं लागेल, ते तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. आकडे बनवले, असं लिहावं लागलं असतं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील. टेकडीवरच्या त्या विद्यापीठात मी लेसरवर पीएच.डी. करत होते. आमचा लेसर म्हणजे बोटाएवढी रबराची पट्टी. तिच्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक खाचा आणि त्यांवर नारिंगी रंगद्रव्य मिसळलेल्या प्लास्टिकचा पातळ थर. त्या थरावर हिरव्या लेसरचे झटके सोडले की तो स्वतःचा किरण सोडायचा, पिवळसर नारिंगी. आणि पट्टी स्क्रूने हळूहळू ताणली की खाचांमधलं अंतर वाढायचं आणि किरणाचा रंग लालाकडे सरकत जायचा. रेडिओवर स्टेशन लावावं तसा रंग लावून घ्यायचा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा स्क्रू मागेपुढे करत अर्धा तास तशीच बसले होते.

अशा लेसरचं एकच दुखणं. ही रंगद्रव्यं सेंद्रिय, म्हणजे नाजूक. प्रखर उजेडात आणि हवेत ती उन्हात वाळत घातलेल्या साडीसारखी विटतात. जगात सगळ्यांच्या पट्ट्या दहा-पंधरा मिनिटांत मरत होत्या. माझ्या पहिल्या सहा पट्ट्या मात्र चार-चार तास चालल्या. आमचा लेख छापून आला, सरांचं परिषदांमध्ये कौतुक झालं. जयसिंगपूरला अब्बांनी डेपोतल्या सगळ्या मेकॅनिकांना पेढे वाटले. मग जर्मनीतल्या एका गटाने आमच्या कृतीने पट्ट्या करून पाहिल्या. बारा मिनिटं. त्यांनी आम्हाला लिहिलं, मग नियतकालिकाला लिहिलं, नियतकालिकाने विद्यापीठाला विचारलं आणि समिती नेमली गेली. तोवर मीही नव्या पट्ट्या करून पाहिल्या होत्या. त्याही बारा मिनिटांतच जात होत्या. का, ते मला खरोखरच कळत नव्हतं.

समिती गेल्यावर सरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. दोन्ही हात खिशात घालून ते खालच्या बागेकडे पाहत होते.

"नसीम, मला सांगायचं काही राहिलंय का?"

"नाही, सर."

"नीट आठव. काहीही. कितीही बारीक."

"नाही, सर," मी पुन्हा म्हणाले. माझा आवाज मलाच पातळ वाटला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी दहाला मी प्रयोगशाळेत पोचले तेव्हा पिराजीमामा आत फडताळं रिकामी करत होते. पिराजी कांबळे आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, पण पंपाचं तेल बदलण्यापासून काच कापण्यापर्यंत सगळं त्यांच्याच हातचं. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते आणि जायच्या आधी सगळं सामान यादीबरहुकूम लावून द्यायचं होतं.

"ताई, हिचं काय करायचं?" त्यांनी खालच्या कप्प्यातून एक तपकिरी बाटली काढून माझ्यासमोर धरली. तळाला चार बोटं द्रव शिल्लक होता. "ही आपल्या यादीत न्हाई. केमिस्ट्रीची हाय."

मी ती लगेच ओळखली.

व्हरांड्यात सरांना जे सांगितलं नव्हतं, ते हेच होतं. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, परदेशातून मागवलेली अतिशुद्ध द्रावकाची बाटली माझ्या कोपराचा धक्का लागून फरशीवर फुटली. रंगद्रव्य आणि प्लास्टिक ज्यात विरघळवायचं ते हे द्रावक. ती बाटली यायला तीन महिने लागले होते आणि सरांनी ती माझ्या हातात देताना दोनदा बजावलं होतं. मी लहानशा कॉलेजातून आलेली, प्रयोगशाळेत नवी. रडायलाच लागले. पिराजीमामांनी खिडक्या उघडल्या, काचा गोळा केल्या आणि म्हणाले, "गप ऱ्हावा. बघतो मी." अर्ध्या तासाने ते रसायनशास्त्र विभागातून ही साधी बाटली घेऊन आले. कशी आणली, मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. एवढंच कळलं की गुपचूप आणलीय, माझ्यासाठी आणलीय, आणि याची वाच्यता झाली तर त्यांची नोकरी जाईल. पहिल्या सहा पट्ट्या मी तिच्यातून केल्या. वहीत मात्र फुटलेल्या बाटलीचं नाव लिहिलं. पुढे नवी शुद्ध बाटली आली, वहीतली नोंद लेखात गेली, आणि मी स्वतःला समजावलं की द्रावक तर उडून जातं. थर वाळल्यावर ते साधं होतं की शुद्ध, काय फरक पडतो?

"ताई?" मामा अजून बाटली धरून उभे होते.

"राहू द्या माझ्याकडे," मी म्हणाले.

ते पुढच्या फडताळाकडे वळले. मी बाटली टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघायचं टाळत पाच मिनिटं बसले. मग बघितलं. लेबलावर मोठ्या अक्षरांत द्रावकाचं नाव होतं. खाली, डाग पडलेल्या जागी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. द्रावक टिकावं म्हणून त्यात बीएचटी मिसळलं आहे.

बीएचटी. वेफर्सच्या पाकिटावर असतं ते. तेल खवट होऊ नये म्हणून घालतात ते. हवेतला ऑक्सिजन तेल बिघडवायला येतो तेव्हा ते आडवं येतं.

 द्रावक उडून जातं, पण बीएचटी उडत नाही, निदान इतक्या सहज नाही. ते थरातच राहतं. आणि आमच्या रंगद्रव्याला मारणारा तोच होता, हवेतला ऑक्सिजन. नवं द्रावक इतकं शुद्ध होतं की त्यात राखण करायला कुणी उरलंच नव्हतं.

मी त्या बाटलीतून थर केला. पहिला वाया गेला. दुसरा जमला. साडेअकराला हिरवा लेसर चालू केला. बारा मिनिटं झाली. वीस झाली. सुई ताठ उभी होती. पाऊण तासाने पिराजीमामा डोकावले, पडदा बघितला आणि काही न विचारता माझ्यासमोर चहाचा कप ठेवून गेले.

अडीचच्या सुमारास सर आले. दारातूनच त्यांची नजर पडद्याकडे गेली.

"किती वेळ झाला?"

"तीन तास."

ते टेबलाची कड धरून उभे राहिले. "काय बदललंस?"

"बीएचटी आहे, सर. द्रावकात."

"बीएचटी!" त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, इतकं साधं! कसं सुचलं तुला? शाबास. सोमवारी हेच दाखवायचं."

ते इतके खूश होते की मला पुढे बोलवेना. त्यांचा समज झाला होता की मला ही नवी युक्ती सुचली. तसंच राहू दिलं असतं तर सोमवारी पट्टी चार तास चालली असती, जुना लेख जसाच्या तसा राहिला असता, आणि मामांचं नाव कुठेच आलं नसतं. चार महिन्यांनी ते पेन्शन घेऊन गावी गेले असते. मी स्वतःला हेच सांगत होते, की मामांसाठी गप्प राहायला हवं. हे म्हणताना फार बरं वाटायचं. आपण कुणाचं तरी भलं करतोय असं वाटायचं.

पण रविवारी सकाळी डबा उघडताना जर्मनीच्या गटातला एक मुलगा आठवला. पत्राखाली त्याची सही असायची, माझ्यासारखाच पीएच.डी. करणारा. वर्षभर तो माझ्या खोट्या ओळीने पट्ट्या करत होता, आणि आपलाच हात वाईट आहे असं त्याला वाटत असणार.

मी सरांच्या घरी गेले. ते अंगणात मोगऱ्याला पाणी घालत होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाटली फुटली, साधी वापरली, वहीत खोटं लिहिलं. एकच गोष्ट बदलली. बाटली मीच आणली म्हणाले.

सरांनी पाइप खाली टाकला. पाणी त्यांच्या चपलांवरून वाहत राहिलं.

"वहीत खोटं लिहिलंस," ते म्हणाले.

"हो, सर."

"आणि मी त्याच्यावर सही केली."

मला वाटलं, आता हाकलून देतील. ते पायरीवर बसले, चष्मा काढला आणि दोन्ही तळव्यांनी डोळे दाबून धरले.

"आठ महिने," ते हळू आवाजात म्हणाले, "आठ महिने मी नीट झोपलो नाहीये, नसीम. तुझे आकडे समोर घेऊन बसतो. मला वाटायला लागलं होतं की तू ते घरी बसून बनवलेस. तुला विचारायचं धाडस होत नव्हतं. शुक्रवारी कसंबसं विचारलं." त्यांनी मान वर केली. "आणि हे काय निघालं, तर फुटलेली बाटली?"

ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसत होते. मग एकदम गंभीर झाले. "मी तुझ्यावर रागावणार आहे. पण आज नाही. उद्या समितीला हे तूच सांगायचंस. मी मध्ये पडणार नाही."

सोमवारी दहा वाजता रेगे मॅडमसमोर मी उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगितलं. त्या मान खाली घालून लिहीत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी पेन ठेवलं.

"गोष्ट चांगली आहे," त्या म्हणाल्या. "शास्त्र म्हणूनही पटण्यासारखी आहे. पण ही गोष्ट तुम्हाला परवा सुचलेली नाही कशावरून? बीएचटीने पट्टी टिकते हे तुम्ही आज सिद्ध कराल. दोन वर्षांपूर्वी ते त्या पट्ट्यांमध्ये होतं, हे कशावरून?"

याचा मी विचारच केला नव्हता.

"बाटली रसायनशास्त्र विभागातून आणली म्हणता. कुणी आणली?"

"मी."

"तिथल्या स्टोअरमधून दुसऱ्या विभागाच्या विद्यार्थ्याला द्रावक मिळतं?"

"मी... ओळखीने आणली."

"कुणाच्या ओळखीने?"

 तेवढ्यात मागून ट्रे ठेवल्याचा आवाज आला. पिराजीमामा चहा घेऊन दारात उभे होते.

"मॅडम, त्या खोटं बोलत्यात," ते म्हणाले. "बाटली मी आणली."

"मामा, नको," मी म्हणाले. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "नको काय? मीच आणली की," आणि समितीला म्हणाले, "दोन मिनिटं थांबा. आलो."

ते बाहेर त्यांच्या कपाटाकडे गेले. कुलूप उघडल्याचा आवाज आला, कागदांची सळसळ ऐकू आली. मी जमिनीकडे पाहत उभी होते. या माणसाचं सगळं आता माझ्यामुळे जाणार, एवढंच डोक्यात होतं.

मामा एक जाड फाइल घेऊन आले. तीस वर्षांत दुसऱ्या विभागांतून जे जे आणलं त्याच्या चिठ्ठ्या तिच्यात तारखेवार लावल्या होत्या. थुंकी न लावता, बोटाच्या टोकाने त्यांनी एकेक चिठ्ठी उलटली आणि एक मॅडमसमोर धरली.

रेगे मॅडमनी ती मोठ्याने वाचली. "अर्धा लिटर द्रावक, साधी प्रत. उसने. लेसर प्रयोगशाळेकरिता. कारण : तेथील बाटली फुटल्यामुळे." खाली रसायनशास्त्राच्या स्टोअरकीपरची सही होती, शिक्का होता आणि तारीख होती. माझ्या वहीतल्या पहिल्या पट्टीच्या आदल्या दिवसाची.

त्यांनी ती आणखी एकदा मनात वाचली, टेबलावरच्या बाटलीच्या लेबलाशी ताडून पाहिली, मग शेजारच्या सदस्याकडे दिली. त्याने दुसऱ्याकडे.

"रसायनशास्त्रातही याची प्रत असेल?"

"असंल की. चिठ्ठीबिगर कशी दितील ती माणसं?"

मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि पहिल्यांदाच त्या किंचित हसल्या. "नसीम मुजावर, चला. शुद्ध द्रावक घ्या, त्यात बीएचटी मोजून घाला आणि आमच्यासमोर थर करा. आम्ही चार तास बसतो."

बसले ते खरोखरच. मधे मामांनी खालून झुणका-भाकरी मागवली. समितीतल्या एका सदस्याने स्वतः स्क्रू फिरवून रंग नारिंगीतून लालाकडे नेला, परत आणला, पुन्हा नेला आणि मॅडम बघताहेत हे लक्षात आल्यावर हात मागे घेतला. तीन वाजून दहा मिनिटांनी चार तास पूर्ण झाले. सुई उभीच होती. लेसर बंद करायला कुणी पुढे होईना, शेवटी सरांनीच बटण दाबलं.

मॅडम उठल्या. "आकडे खरे आहेत. कृती खोटी आहे. मी तसंच लिहीन. नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र तुम्ही स्वतः लिहायचं, वहीत खोटी नोंद केली हे स्पष्ट शब्दांत लिहायचं, आणि तुमची तोंडी परीक्षा सहा महिने पुढे जाईल. मान्य?"

"मान्य," मी म्हणाले. सहा महिने! मला त्यांनी सहा वर्षं सांगितली असती तरी मी त्याच आनंदाने हो म्हटलं असतं. छातीवरून कुणीतरी लोखंडी पेटी उचलावी तसं झालं होतं. व्हरांड्यात आले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. सर शेजारी येऊन उभे राहिले. "उद्या रागावतो," म्हणाले आणि जर्मनीला पत्र लिहायला गेले.

त्या मुलाचं उत्तर दोनच दिवसांत आलं. त्याची पट्टी पाच तास चालली होती. पत्रात त्याने एवढंच लिहिलं होतं की आपला हात चांगला आहे हे कळून बरं वाटलं.

पण ते नंतर. त्या सोमवारी पाचच्या सुमारास मी सायकल स्टँडवर पिराजीमामांना गाठलं. ते डबा हँडलला अडकवत होते.

"मामा, एक सांगायचंय. मला वाटलं होतं, तुम्ही ती बाटली गुपचूप उचलून आणली. म्हणून मी कुणाला बोलले नाही. तुमच्या नोकरीवर येईल म्हणून."

ते डबा अडकवायचे थांबले. "चोरून?"

"हो."

"दोन वर्षं?"

मी मान हलवली. मामा माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षांच्या चिठ्ठ्या तारखेवार लावून ठेवणारा माणूस. मला त्यांच्याकडे वर बघवेना. वहीतल्या खोटेपणाबद्दल समितीसमोर वाटली नव्हती एवढी लाज मला तिथे सायकल स्टँडवर वाटली.

"अगं पोरी," ते शेवटी म्हणाले. एरवी ते मला ताई म्हणायचे. "त्याच दिवशी इचारलं असतंस, तर त्याच दिवशी चिठ्ठी दावली असती."

"चुकलं, मामा."

"चुकलं तर चुकलं." त्यांनी सायकल स्टँडवरून काढली आणि मान हलवत हसले. "पण काय म्हणावं तुला! दोन वर्षं ह्या चोराच्या हातचा चा कसा गं उतरत हुता घशाखाली?"

आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला मोकळेपणाने रडू आलं, आणि रडता रडताच हसूही. मामा सायकल धरून तिथेच थांबले, माझं आवरेपर्यंत.